परसबाग लावताय? आधी मोरीच्या पाण्याचा हिशेब मांडा

अहिल्यानगर : पाऊस उघडला की गावोगाव परसबागा दिसू लागतात. दिवाळीच्या सुमारास मेथी-पालक तरारलेली असते, बचत गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतात. होळीनंतर त्याच जागी जाऊन पाहिलं तर वांग्याच्या वाळलेल्या काड्या, फाटलेलं साडीचं कुंपण आणि आत शिरलेल्या शेळ्या. बियाणं खराब नव्हतं, मेहनतही कमी पडली नव्हती. पाणी संपलं. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या पट्ट्यात नळाला पाणी उशिरा येऊ लागलं की प्यायचा हंडा वांग्याला कोण ओतणार?

आणि त्याच घराच्या मागच्या भिंतीतून मोरीचा पाईप बाहेर आलेला असतो. ते पाणी बारा महिने बोळात वाहत असतं. तिथे चिखल होतो, डास होतात, शेजाऱ्याशी भांडण होतं. परसबाग जगवायची असेल तर सुरुवात बियाण्याच्या पुडीपासून नाही, या पाईपापासून करावी लागते.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण जिल्ह्याला नवं नाही. तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस पडला, किती पाणी जमिनीत मुरलं, प्यायला आणि जनावरांना किती लागेल, हे पाहून उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. परसबागेला हीच पद्धत लागू पडते, फक्त आकडे छोटे असतात आणि हिशेब बादलीत होतो.

दोन दिवस बादल्या मोजा

जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. पाच माणसांच्या घरात ते 275 लिटर होतं. सगळ्यांना एवढं मिळतंच असं नाही, म्हणून दोन दिवस प्रत्यक्ष मोजलेलं बरं. आंघोळीला किती बादल्या, भांड्यांना किती, कपड्यांना किती, हे भिंतीवर खडूने रेघा ओढून मोजलं तरी चालतं. पिण्या-स्वयंपाकाचं, जनावरांचं आणि संडासचं पाणी सोडलं तर पाच माणसांच्या घरातून रोज दीडशे लिटरच्या आसपास पाणी मोरीतून बाहेर जातं असं धरू. त्यातलं कपड्यांचं साबणाचं पाणी बाजूला काढलं की बागेसाठी शंभरेक लिटर उरतं.

आता भाजीला किती लागतं ते पाहू. आपल्या भागात हिवाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण 3 ते 4 लिटर पाणी लागतं. एप्रिल-मे महिन्यात तेच 7 ते 8 लिटरवर जातं. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला हिवाळ्यात रोज 30 ते 35 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्यांहून थोडं जास्त, आणि उन्हाळ्यात पाच बादल्या. शंभर लिटर पाण्यावर हिवाळ्यात तीनशे चौरस फूट बाग निघते आणि उन्हाळ्यात जेमतेम सव्वाशे-दीडशे चौरस फूट.

बहुतेकांची चूक इथेच होते. मागे जागा मोकळी आहे म्हणून गुंठाभर वाफे पाडले जातात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्याला हिवाळ्यातच रोज साडेतीनशे लिटर लागतं, उन्हाळ्यात साडेसातशे. एवढं पाणी मोरीतून येणं शक्य नाही. मग ते हातपंपावरून आणायचं, आणि आणणार कोण ते सगळ्यांना माहीत आहे. महिना-दोन महिने बाई हंडे वाहते, नंतर बाग सोडून देते. तिने कंटाळा केला असं घरात बोललं जातं. खरं तर बागच पाण्यापेक्षा मोठी आखलेली असते.

सध्या सात भागांची गोल परसबाग बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळते. प्रत्येक वाराला एक भाग, ही कल्पना चांगली आहे आणि दिसायलाही छान. पण गोल की चौकोनी याने भाजीला काही फरक पडत नाही. पाणी पुरेल एवढाच घेर काढावा, बाकी जागा मोकळी राहू द्यावी.

कोणतं पाणी कशाला

मोरीचं सगळं पाणी एकसारखं नसतं. तांदूळ-डाळीचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी सगळ्यात चांगलं. ते जनावराला जात नसेल तर सरळ वाफ्यात घालावं. आंघोळीचं पाणी गाळून चालतं. भांड्यांच्या पाण्यात तेल आणि खरकटं असतं, तेही गाळल्यावर चालतं. राखेने भांडी घासणाऱ्या घरात तर अडचण फारच कमी.

जपायचं ते कपड्यांच्या पाण्याला. धुण्याच्या पावडरमध्ये सोडा असतो आणि सोड्यातला क्षार जमिनीत साचत जातो. काळ्या चिकणमातीत हे लवकर दिसतं: वर पांढरी पापडी धरते, माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं आणि पिकाची पानं कडेने करपतात. म्हणून पहिलं, फेसाचं पाणी शोषखड्ड्यात सोडावं. कपडे खळबळून काढलेलं शेवटचं पाणी झाडांना चालतं. संडासचं आणि लहान मुलांची दुपटी धुतलेलं पाणी बागेत अजिबात येऊ देऊ नये.

गाळलेलं असलं तरी मोरीचं पाणी मुळाशी द्यायचं, पानावर शिंपडायचं नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात हे कच्चं खाल्लं जातं, त्याला फक्त स्वच्छ पाणी. शिजवून खायची वांगी, दोडका, कारलं, वाल आणि पपई, शेवगा, लिंबू, कढीपत्ता यांना गाळलेलं पाणी बिनधास्त द्यावं. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळीचं बेट असायचं ते उगाच नाही. या तिन्हींना ओल मानवते आणि त्या घरांत वास, डासही कमी असायचे. हिवरे बाजारने शेतात ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं टाळली ती भूजल वाचवायला. वाया जाणाऱ्या मोरीच्या पाण्यावरचं एक केळीचं बेट ही वेगळी गोष्ट आहे.

आडवी गाळणी घरच्या घरी

पाणी गाळायला खोल खड्डा करतात, पण त्यातून पाणी पुन्हा वर वाफ्यापर्यंत येत नाही, मग बादलीने उपसावं लागतं. त्यापेक्षा आडवी गाळणी सोपी पडते. मोरीचा पाईप जिथे बाहेर येतो तिथून बागेच्या दिशेने सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणायचा. दहा फुटाला दोन इंच एवढा उतार पुरे. चरात जुनी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा, नाहीतर पाणी तिथेच मुरून जाईल.

पहिल्या फुटात कांद्याची जाळीची गोणी ठेवायची, आत नारळाच्या शेंड्या आणि थोडा पेंढा भरलेला. केस, भाताची शितं, तेलाचा थर हिच्यात अडकतो. पुढे दोन फूट मुठीएवढे दगड किंवा विटांचे तुकडे, मग दोन फूट खडी, शेवटी फूटभर जाड वाळू. वाळू-सिमेंटच्या कामातली बारीक वाळू घालू नये, ती आठवड्यात तुंबते. शेवटच्या टोकाला वाफ्याकडे जाणारा पाईप बसवायचा, आत येणाऱ्या पाईपापेक्षा दोन इंच खाली. त्याच्या तोंडाला जाळी बांधावी. पाणी खडीच्या आतूनच वाहिलं पाहिजे, वर उघडं दिसता कामा नये. उघडं दिसलं की डास आलेच. खडीत कर्दळीचे चार कंद खोचून दिले की तीही पाणी साफ करायला मदत करतात.

दर पंधरा दिवसांनी गोणी काढून आतला पेंढा उकिरड्यावर टाकायचा आणि नवा भरायचा. हे एक काम चुकलं तर सगळी गाळणी तुंबते. चर खणणं, दगड वाहणं हे घरातल्या पुरुषांचं एका रविवारचं काम आहे. पुढे पाणी उताराने आपोआप जातं, कुणाला हंडा उचलावा लागत नाही.

गाळलेलं पाणी टाकीत साठवून ठेवू नये. एका दिवसात वास मारायला लागतं. जास्तीचं पाणी आणि कपड्यांचं पाणी यासाठी शेवटी शोषखड्डा हवाच. तो विहीर किंवा बोअरपासून निदान तीस-चाळीस फूट लांब असावा. शोषखड्ड्याचं काम सरकारी योजनेत बसतं का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

ऊन, सावली आणि शेळ्या

वाफे आखण्याआधी एक दिवस सकाळी दहाला आणि दुपारी चारला सावली कुठे पडते ते बघून घ्यावं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत दिवसभर सावली राहते. तिथे मेथी लांबट आणि पिवळी होते. ती जागा अळूला द्यावी. शेवगा, पपई ही उंच झाडं बागेच्या उत्तर किंवा पश्चिम कडेला लावली तर वाफ्यांवर सावली येत नाही, आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या झाडामुळे दुपारनंतरचं ऊन अडतं. वेल मांडवावर चढवावेत. मांडव गाळणीच्या वर घातला तर जागाही वाचते.

कुंपण बियाणं टाकायच्या आधी. शेळी एकदा आत शिरली की दोन महिन्यांचं काम दहा मिनिटांत संपतं, आणि कोंबड्या ताजा वाफा उकरून बी खातात. खाली बोरी-बाभळीच्या काट्या आणि वर जुनी साडी किंवा जाळी असं दुहेरी कुंपण टिकतं.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. पावसाळ्यात गादीवाफा करतात, पण आता पाऊस उघडल्यावर वाफा जमिनीपेक्षा थोडा खोलगट असलेला बरा. दहा बाय दहाला चार-पाच घमेली शेणखत पुरतं, पण ते पूर्ण कुजलेलं हवं. ताज्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते. रोपं वर आली की मध्ये उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट किंवा वाळलेलं गवत दोन-तीन इंच अंथरावं. ओल टिकते आणि बादल्या वाचतात.

मेथी, कोथिंबीर एकदम पेरली की महिन्याने घरात खाऊन संपत नाही आणि पुढच्या महिन्यात काहीच नसतं. म्हणून एका वाफ्याचे तीन भाग करून दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरावा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते. पालक मुळापासून न उपटता कापला तर पुन्हा फुटतो. धणे रगडून दोन भाग करून पेरावेत. वाल, घेवडा, दोडक्याचं बी शक्यतो गावरान घ्यावं, ते पुढच्या वर्षासाठी घरीच धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जमवून बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली.

मावा पडला तर निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारायचा. कपाशी-कांद्यावर मारून उरलेलं औषध परसातल्या भाजीवर मारण्याची सवय मात्र धोक्याची आहे. ती भाजी दुसऱ्या दिवशी ताटात येते, मुलांच्या पोटात जाते. शेतातला फवारणी पंपही बागेत आणू नये. त्यात आधी तणनाशक मारलेलं असेल तर टोमॅटोची पानं आखडतात आणि लोक त्याला रोग समजतात.

एवढी खटपट कशाला, आठवडे बाजारात भाजी मिळते की, असं कुणी म्हणेल. पण बाजार आठवड्यातून एकदा, आणि पालेभाजी घरात दोन दिवसांच्या वर टिकत नाही. उरलेले दिवस बटाटा, डाळ, पिठलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पालेभाजी हा त्यावरचा एकमेव इलाज नाही, पण रोजच्या ताटात ती हवी. वर लिंबू पिळलं तर भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. म्हणून एक लिंबाचं झाड या हिशेबात धरावंच.

शिवरात्रीच्या सुमारास बादल्या पुन्हा मोजाव्यात. ऊन वाढलेलं असतं आणि बहुधा पाणी घटलेलं. तेव्हा सगळी बाग ओढत नेण्यापेक्षा क्रमाने कमी करावी. आधी मेथी-पालकाचे वाफे बंद करायचे, त्या जागी पाचट पसरून ठेवायचं. मग टोमॅटो-वांगी. टँकर सुरू होण्याची वेळ आली तर शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि मांडवावरचा एखादा वेल एवढंच धरायचं. जम बसलेल्या शेवग्याला आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या मिळाल्या तरी तो मे महिना काढतो, आणि भाजी नसेल त्या दिवसांत त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते.