सिंगापूरने कारागीर कसे घडवले

१९६८ साली ब्रिटिशांनी सिंगापूरमधले लष्करी तळ आवरते घेण्याचे जाहीर केले आणि स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षे झालेल्या या देशापुढे रोजगाराचे संकट उभे राहिले. जुरोंगला दलदल बुजवून कारखान्यांसाठी जागा तयार होती. साचे आणि डाय बनवणारे हात मात्र अपुरे होते. तिथल्या आर्थिक विकास मंडळाने मग कारखानदारांनाच शिकवायला बोलावले. १९७२ मध्ये पहिले संयुक्त प्रशिक्षण केंद्र निघाले ते चक्क आपल्या टाटांबरोबर! पुढच्या वर्षी कॅमेरे बनवणारी जर्मन रोलाय आली, १९७५ मध्ये फिलिप्स.

या केंद्रांची खरी खुबी करारात होती. सरकार खर्चाला हातभार लावणार. कंपनीने मात्र स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त मुले तयार करायची, म्हणजे उरलेली दुसऱ्या कारखान्यांना मिळतील. कुठला मालक अशी अट सुखासुखी मान्य करील? पण तिचे मोल १९८१ मध्ये कळले. रोलाय बुडाली, सिंगापूरचा कारखाना बंद पडला, तरी तिथे मायक्रॉनचा हिशेब शिकलेले कारागीर देशातच राहिले. इतर कारखान्यांना ते हवेच होते.

कमी पगारावर माणसे राबवणाऱ्या मालकांकडून आकारणी करून तो पैसा प्रशिक्षणाला देणारा निधी १९७९ चा. १९८२ मध्ये जर्मन-सिंगापूर संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख लिन चेंग टोन यांनी वर्गातच कारखाना उभा केला: मुलांनी नमुन्याचे तुकडे घासत बसायचे नाही, उद्योगांची खरीखुरी कामे करायची. शिक्षकांचे हातही त्यामुळे गंजले नाहीत. पुढे ही संस्था नान्यांग पॉलिटेक्निकमध्ये विलीन झाली.

सगळेच सोपे गेले असे नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या आयटीईची, म्हणजे तिथल्या आयटीआयची, ‘इट्स द एंड’ अशी टिंगल होई. अभ्यासात मागे पडलेल्यांची जागा म्हणून. ती प्रतिमा पुसायला मोठी संकुले, आधुनिक यंत्रे आणि बरीच वर्षे लागली.

२०१३ मध्ये याच आयटीईच्या मदतीने दिल्लीत जागतिक दर्जाचे कौशल्य केंद्र उघडले. एकेकाळी आपल्याकडून शिकायला उत्सुक असलेल्यांकडून आपण शिकावे, यात कमीपणा नाही. पण नव्या यंत्रांच्या खरेदीआधी आपल्या आयटीआयच्या निदेशकांना दर काही वर्षांनी कारखान्यात पाठवा. उलट्या क्रमाने खर्च केला तर यंत्रे झाकूनच राहतील.