एअर निघेपर्यंत
डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला की टाकीत नुसतं डिझेल ओतून भागत नाही. टाकी रिकामी होताना नळीत हवा शिरलेली असते. ‘गाडीनं एअर घेतली’ म्हणतात ते हेच. चढउताराच्या रानात तर टाकीत थोडं डिझेल शिल्लक असतानाही ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि पेटतो. साध्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये नोझल उघडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो. पाइपात हवा असली की पंपाचा सगळा जोर तिलाच दाबण्यात जातो, नोझल उघडतच नाही.

उन्हाळी नांगरटीत एका जुन्या ड्रायव्हरचं एअर काढण्याचं काम मी शेजारी उभा राहून पाहिलं. हाताखालचा पोरगा सारखा सेल्फ मारत होता. ‘‘बॅटरी बसंल, एअर तिथंच राहील,’’ म्हणत त्यांनी त्याला खाली उतरवलं.

आधी फिल्टरच्या डोक्यावरची माती फडक्यानं पुसली. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. डिझेल पंपातल्या फटी इतक्या बारीक असतात, की धुळीचा कणही आतला भाग खरवडतो. मग पहिल्या फिल्टरचा बोल्ट थोडा सैल केला आणि पोराला फीड पंपाचा दट्ट्या मारायला लावलं. फेस आला. मग बुडबुडे, मग जरा धार, आणि परत एक मोठा बुडबुडा. पोरगा थांबला.

‘‘हात सोडू नको. अजून येतंय.’’

अखंड धार लागल्यावर, दट्ट्या चालू असतानाच त्यांनी बोल्ट आवळला. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंप. क्रम टाकीकडून इंजिनाकडेच, नाहीतर मागची हवा पुढे येते.

शेवटी नोझलकडचे नट किंचित सैल करून, रेस ओढून सेल्फ दिला. थोडाच वेळ, मध्ये विसावा देत. तिथं बोट न्यायचं नाही, दाबाचा फवारा कातडीत घुसतो. डिझेल येताच नट आवळले. दोन सिलिंडर पेटले, तिसरा अडखळला, पांढरा धूर निघाला, आणि इंजिन लागलं.

दुसऱ्या फिल्टरच्या बोल्टाखाली मात्र ओल दिसत होती. तांब्याचा वॉशर दबून गेला होता. त्यांनी इंजिन बंद केलं, नवा वॉशर घातला आणि तिथपासून एअर पुन्हा काढायला घेतली.