सल्ल्यामागचे कारण : फोन, टॅब आणि घरच्या संगणकाचा रोजचा वापर

फोनची बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी, हा सल्ला अजूनही घरोघर दिला जातो. एके काळी तो बरोबर होता. जुन्या मोबाइल आणि कॉर्डलेस फोनमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्धवट उतरलेल्या असताना पुन्हा पुन्हा भरल्या, की हळूहळू कमी वेळ पुरू लागत. आजच्या फोन, टॅब आणि लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्या मूळ संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीचा स्वभाव जुनीच्या अगदी उलट आहे. पूर्ण रिकामे होणे तिला सोसत नाही आणि काठोकाठ भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणेही मानवत नाही. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सर्वांत जास्त टिकते. म्हणून दिवसातून दोनदा थोडे थोडे चार्जिंग केले तर काहीच बिघडत नाही. बऱ्याच नव्या फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बॅटरीच्या सेटिंगमध्येच दिलेली असते. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्यांनी ती सुरू करावी. प्रवासाच्या दिवशी मात्र खुशाल शंभर टक्के भरावी. एखाद्या दिवसाने काही होत नाही.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. ॲपलने आपल्या फोनच्या वापरासाठी सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा आतला भाग त्याहूनही तापतो. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर राहिलेल्या फोनच्या बॅटरीची झीज कायमची असते, ती भरून येत नाही. चार्जिंगला लावलेला फोन गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये, कारण त्याची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. फोन तापत असेल तर जाड कव्हर काढून ठेवावे आणि चार्जिंग चालू असताना गेम खेळणे टाळावे. सुट्टीनंतर कपाटात जाणारा मुलांचा टॅब साधारण निम्मा भरून, बंद करून ठेवावा. पूर्ण उतरलेला टॅब महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर तो पुन्हा सुरू होईलच असे नाही.

उघडी ॲप्स सतत सरकवून बंद करण्याने बॅटरी वाचते, हाही असाच एक पक्का समज. मागे पडलेली बहुतेक ॲप्स गोठवलेल्या अवस्थेत असतात. ती बंद करून पुन्हा पहिल्यापासून उघडण्यातच जास्त वीज जाते. एखादे ॲप अडकले असेल, तेवढेच बंद करावे.

पावसाळ्यात आणखी एक घरगुती उपाय डोके वर काढतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात. तांदूळ आतले पाणी शोषून घेत नाही, उलट त्याचे बारीक कण चार्जिंगच्या खाचेत अडकतात. ॲपलने तर तांदूळ वापरू नये असे स्पष्टच लिहिले आहे. फोन बंद करून पुसावा, खाच खाली राहील असा धरून हलकेच तळहातावर आपटावा आणि मोकळ्या हवेत ठेवावा. खाच पूर्ण कोरडी होईपर्यंत, म्हणजे कधी कधी एक अख्खा दिवस, तो चार्जिंगला लावायचा नाही. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. फोनवर ‘जलरोधक’ लिहिलेले असले तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते. कोकणात समुद्राच्या लाटेने भिजलेल्या फोनचा धोका वेगळा आहे, कारण खारे पाणी धातूचे भाग लवकर खाते.

यानंतरची सार्वत्रिक अडचण म्हणजे ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना. ती बहुतेक घरांत फोटोंमुळे येते, पण ते फोटो घरच्यांनी काढलेले नसतात. सकाळचे शुभेच्छासंदेश, गणपती-दिवाळीची चित्रे, एकच व्हिडिओ चार गटांतून चारदा आलेला, हे सगळे व्हॉट्सॲप आपोआप उतरवून घेत राहते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ या भागात आपोआप डाउनलोड बंद करता येते. मग ज्या चित्राला बोट लावले तेवढेच उतरते. तिथेच ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले, की पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या जातात. साफसफाईची सुरुवात इथून केली, तर फोनमध्ये सर्वांत लवकर मोकळी जागा होते. त्यासाठी वेगळे ‘क्लीनर’ ॲप घेण्याची गरज नाही, आणि अनोळखी ॲपला सगळ्या फायली पाहण्याची परवानगी देणे धोक्याचेही आहे.

जागा करताना एक चूक फार महागात पडते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. गूगल फोटोजमध्ये साठवलेला फोटो फोनवर आहे आणि गूगलच्या साठ्यातही आहे. ‘आता तिकडे आहे, इथला काढून टाकू’ असे म्हणून त्याच ॲपमध्ये कचऱ्याच्या डब्याच्या खुणेला बोट लावले, की फोटो दोन्हीकडून जातो. फक्त फोनवरची प्रत काढायची तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरायचा. चूक झालीच, तर घाबरू नये. साठ्यात गेलेला फोटो ‘ट्रॅश’मध्ये साठ दिवस राहतो, साठ्यात न गेलेला तीस दिवस. आयफोनवर आयक्लाउड चालू असेल तर हाच प्रकार होतो. एका उपकरणावरून काढलेला फोटो सगळ्यांवरून जातो आणि ‘रीसेंटली डिलिटेड’मध्ये निदान तीस दिवस सापडतो.

गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट देते, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१ पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नसत. आता सगळे मोजले जातात. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. जागा भरली की नवे मेल येणे थांबू शकते, हे पुष्कळांना तोवर माहीत नसते. शिवाय गूगल फोटोज आपणहून कॅमेऱ्याने काढलेले फोटोच साठवते. लग्नातले फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवले असतील, तर त्या फोल्डरचा बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन वेगळा सुरू करावा लागतो. फोन हरवल्यावर ‘सगळे तर बॅकअपमध्ये होते’ म्हणणाऱ्यांचे नेमके हेच फोटो जातात. जे पुन्हा मिळणार नाही, उदाहरणार्थ बाळाचे पहिले व्हिडिओ किंवा आजीच्या आवाजातली ओवी, त्याची एक प्रत घरच्या संगणकाला जोडता येणाऱ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे.

संगणकावर मराठी लिहिण्याचा विषय इतका साधा असूनही उगाच अवघड मानला गेला आहे. जुन्या काळी कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट वापरले जात. त्यातली फाइल दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्याने हा प्रश्न उरत नाही. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली, की विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत येता येते. वेगळा फॉन्ट विकत घ्यायला लागत नाही.

तिथे मिळणारा इनस्क्रिप्ट कळफलक ऐंशीच्या दशकात भारतीय भाषांसाठीच आखला गेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. मुळाक्षरे पाठ असलेल्याला तो आठवडा-पंधरा दिवसांत हाताला बसतो. ‘र’च्या कळीवर शिफ्ट धरल्यावर येणारा ‘ऱ’ मराठीला फार लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्या शब्दात र, पायमोड, य. दुसऱ्यात ऱ, पायमोड, य. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकावर दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगने लिहिले जातात आणि कळफलक सुचवेल तो शब्द येतो. म्हणूनच ‘सुऱ्या’च्या जागी ‘सुर्या’ आणि ‘तऱ्हा’च्या जागी ‘तर्हा’ अशी रूपे इतकी दिसू लागली आहेत. फोनवर जीबोर्डमध्ये देवनागरी कळफलक निवडला, तर ‘ऱ’ तिथेही मिळतो. ज्यांना टंकलेखन नकोच, त्यांनी माइकच्या खुणेला बोट लावून मराठीत बोलावे. लांब मजकुरासाठी ही सोय चांगली आहे. फक्त विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ मागाहून तपासावे लागतात.

घरचा संगणक मंदावला की तो बंद करून पुन्हा लावला जातो आणि तरी फरक पडत नाही. याचे कारण विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये आहे. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सुरू होताना तीच परत उचलते, त्यामुळे आतला गुंता जसाच्या तसा राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. प्रिंटर दिसत नाही किंवा आवाज येत नाही, अशा तक्रारींपैकी पुष्कळशा रीस्टार्टनेच मिटतात.

काही कळी एकदा हाताला लागल्या की सुटत नाहीत. चुकून पुसलेले परत आणायला कंट्रोल आणि झेड, चुकून बंद झालेला ब्राउझरमधला टॅब परत उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि टी. पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपायला विंडोज, शिफ्ट आणि एस. विंडोज आणि व्ही दाबल्यावर आधी कॉपी केलेल्या बऱ्याच गोष्टींची यादी उघडते. ही सोय पहिल्यांदा तिथेच सुरू करावी लागते. विंडोज १० वर चालणाऱ्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या आहेत. अशा संगणकावर बँकेची कामे करण्यापूर्वी तो अद्ययावत करता येतो का, हे पाहून घ्यावे.

फोन चोरीला गेला तर पडद्याचे कुलूप असतेच, पण चोर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याला मिळू लागतात. यावर उपाय सिमच्या पिनचा. तो लावला की दुसऱ्या फोनमध्ये सिम पिन विचारते. मात्र तो लावताना कंपनीने दिलेला मूळ पिन लागतो. अंदाजाने टाकू नये, कारण तीन चुकांनंतर सिम अडकते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते.

फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले, की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनचे दोन असतात. ते घरातल्या वहीत लिहून ठेवावेत. पोलिसांत तक्रार दिल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक देऊन तो फोन देशभरातल्या सर्व जाळ्यांवर बंद पाडता येतो. या यंत्रणेचा पहिला प्रयोग २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला होता. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नसून ॲप आहे. ती उघडू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

लहान मुलाच्या हाती फोन द्यायचा असेल तर अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ आणि आयफोनवर ‘गायडेड ॲक्सेस’ ही सोय आहे. पडद्यावर एकच ॲप अडकून राहते आणि संदेश किंवा बँकेचे ॲप मुलाच्या बोटाला लागत नाही. वयस्कर माणसांसाठी अक्षरांचा आकार वाढवावा आणि मुख्य पडद्यावर रोज लागणारी सहा-आठच ॲप्स ठेवावीत. त्याच बैठकीत ‘इमर्जन्सी’च्या सेटिंगमध्ये रक्तगट, चालू औषधे आणि जवळच्या दोन माणसांचे क्रमांक भरून टाकावेत. ही माहिती कुलूप न उघडताही दिसते. रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या आजोबांचा फोन हातात घेणाऱ्या अनोळखी माणसाला मग पासवर्ड लागत नाही. पडद्यावरच्या ‘इमर्जन्सी’ या शब्दावर बोट ठेवले, की घरी फोन लावता येतो.