निळें चीज: तोंडीं लावण्याची एक निराळी रीत

अन्नावर बुरशी दिसतांच तें टाकून द्यावें, ही शिकवण घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती योग्यच आहे. शिळ्या भाकरीवरील अगर लोणच्यावरील बुरशी आगंतुक असते. ती कोणत्या जातीची, अपायकारक कीं निरुपद्रवी, हें कोणालाच ठाऊक नसतें. युरोपांतील निळ्या चीजमधील बुरशीची गोष्ट मात्र वेगळी. ती पारखून, आमंत्रण देऊन आणलेली असते. हा भेद ध्यानांत आला म्हणजे ह्या पदार्थाविषयींची निम्मी किळस नाहींशी होते. उरलेली निम्मी तो खाण्याच्या रीतीवर अवलंबून आहे.

ह्या बुरशीचें शास्त्रीय नांव पेनिसिलियम रोकफोर्टी. दक्षिण फ्रान्समधील रोकफोर ह्या गांवावरून तें पडलें. तेथील कोंबालू पठाराच्या पोटांत नैसर्गिक गुहा असून खडकांच्या भेगांतून त्यांत थंड, दमट हवा खेळत असते. मेंढीच्या दुधाचें चीज करून तें ह्या गुहांत मुरवितात. बुरशीचें बीज आंत घातलेलें असतेंच. परंतु तिला वाढण्यास हवा हवी, म्हणून चीजच्या गोळ्यास लांब सुयांनीं भोंकें पाडतात. हवा जेथवर पोंचते तेथवर निळसर हिरव्या शिरा पसरत जातात. रोकफोर ह्या नांवास फ्रान्समध्यें १९२५ सालीं कायद्याचें संरक्षण मिळालें. इटलीचें गोर्गोन्झोला आणि इंग्लंडचें स्टिल्टन हीं गाईच्या दुधाचीं. स्टिल्टनची मौज अशी कीं, तें डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर ह्या तीन परगण्यांतच करतां येतें. ज्या स्टिल्टन गांवावरून नांव पडलें तें ह्या तिहींच्या बाहेर असल्यामुळें तेथें केलेल्या चीजला तें नांव देतां येत नाहीं!

वाढतांना ही बुरशी दुधांतील स्निग्धांशाचें विघटन करते. त्यांतून मेदाम्लें व कीटोन नांवाचीं संयुगें तयार होतात आणि तो उग्र, झणझणीत वास येतो. त्यांत मीठही भरपूर. त्यामुळें पहिल्याच खेपेस मोठा तुकडा तोंडांत टाकणारा मनुष्य तोंड वाकडें करतो, यांत नवल नाहीं. दोष पदार्थाचा नसून मापाचा असतो. लोणच्याची वाटी कोणी घांसाघांसानें खात नाहीं. निळें चीजही तसेंच तोंडीं लावण्याचें आहे. त्याला सोबत हवी ती गोड, स्निग्ध अगर सपक पदार्थाची.

सर्वांत सोपी रीत लोण्याची. एक भाग चीज व दोन भाग बिनमिठाचें लोणी एकत्र फेंसून भाजलेल्या पावावर अगर उकडलेल्या गरम बटाट्यावर घालावें. उग्रपणा मवाळ होऊन स्वाद तेवढा उरतो. दुसरी रीत गोडाची. पिकलेल्या नासपतीची फोड, वर चीजचा लहानसा कण, अक्रोडाचा तुकडा व मधाचे चार थेंब, एवढ्यानें जेवणाचा शेवट उत्तम होतो. बी काढलेल्या खजुरांत चीज व अक्रोड भरला तरी तोच परिणाम साधतो. कडसर चॉकलेटाबरोबरही त्याची जोडी आश्चर्यकारक जमते.

उत्तर इटलींत मक्याच्या पिठाची पोलेंटा नांवाची उकड करतात व ती कढत असतांनाच तिच्यावर गोर्गोन्झोला विरघळवितात. इंग्लंडांत सेलरीच्या अगर ब्रोकोलीच्या सुपांत शेवटीं स्टिल्टन कुसकरतात. तें घालण्यापूर्वीं भांडें चुलीवरून उतरावें आणि तोंवर सुपांत मीठ घालूं नये. आणखी एक युक्ति अशी: उरलेला तुकडा बर्फाच्या कप्प्यांत घट्ट गोठवून बारीक किसणीवर किसावा. हा हिमासारखा कीस भाजलेल्या बीटावर अगर हिरव्या पाल्याच्या कोशिंबिरीवर भुरभुरला असतां अगदीं थोडक्यांत काम भागतें.

कांहीं पथ्यें मात्र पाळलीं पाहिजेत. चीज मेणकागदांत गुंडाळून झांकणाच्या डब्यांत, शीतकपाटांत ठेवावें, नाहींतर शेजारच्या दुधालोण्यास त्याचा वास लागतो. नुसतें खावयाचें तर तासभर आधीं बाहेर काढावें. त्यावर गुलाबी अगर काळी बुरशी दिसल्यास, किंवा अमोनियासारखा तीव्र दर्प आल्यास, तें निःशंक टाकून द्यावें. गर्भवती स्त्रियांनीं मऊ निळें चीज न शिजवतां खाऊं नये. लिस्टेरिया नांवाच्या जंतूंपासून गर्भास धोका असतो. शाकाहारी कुटुंबांनीं वेष्टनावरील मजकूर अवश्य वाचावा. रोकफोर करतांना दूध साकळविण्यासाठीं कोकराच्या जठरांतील रेनेट वापरतात. इतर कांहीं चीजांत तें वनस्पतिजन्य अगर सूक्ष्मजीवजन्य असतें.

आणि घरांतील साध्या चीजवर आपोआप आलेली बुरशी म्हणजे निळें चीज नव्हे, हें विसरूं नये. आगंतुकास उंबऱ्याबाहेर ठेवावें आणि निमंत्रितास बेताचें पान मांडावें, एवढा विवेक राखला म्हणजे ह्या परदेशी पाहुण्याशीं ओळख सुखाची होते.