दाढीचा साबण : पुन्हा वाटी-ब्रशकडे वळताना

पुरुषांच्या दाढीच्या सामानाकडे घरातल्या बायकांचे सहसा लक्ष जात नाही. आरशाखालच्या फळीवर ते पडलेले असते आणि संपले की ज्याचे तो घेऊन येतो. पण गेल्या हिवाळ्यात मामांसाठी दाढीचा साबण शोधायची वेळ माझ्यावर आली आणि हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही, हे लक्षात आले.

मामा जबलपूरचे. तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. नोकरीच्या काळात पहाटे सहाला पितळी वाटी, ब्रश आणि पांढरी गोल वडी घेऊन ते खिडकीशी बसत. पुढे मुलांनी फेसाचे तयार डबे पाठवायला सुरुवात केली आणि वाटी माळ्यावर गेली. मामी गेल्यावर तर डबाही तसाच पडून राहू लागला. आठ-आठ दिवसांचे खुंट वाढलेले असत आणि कुणी बोललेले त्यांना आवडत नसे. अशा माणसाने एका सकाळी आपणहून म्हटले, "ब्रश सापडला गं. साबण तेवढा आणायला हवा." आम्ही लगेच रिक्षा बोलावली.

बडा फुहारा ही जबलपूरची जुनी बाजारपेठ. मधे कारंजे, भोवती गल्ल्या आणि जवळच 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेले कमानिया गेट. दुकानदाराने आधी ट्यूबांची रांग मांडली. मामांनी मान हलवली तेव्हा तो हसून म्हणाला, "बाबूजी, अब साबुन कौन लेता है?" मग स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरची तीन खोकी धूळ झटकून खाली दिली. मामांनी प्रत्येकाचा वास घेतला. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचू लागले.

वासापेक्षा ही अक्षरेच महत्त्वाची. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्याने बनतो, तर दाढीच्या चांगल्या साबणात कॉस्टिक पोटॅशही असते. त्यामुळे तो मऊ राहतो आणि ब्रशला चटकन लागतो. दुसरा घटक स्टिअरिक ॲसिड. सायीसारखा दाट आणि गालावर टिकून राहणारा फेस त्याच्यामुळे येतो. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. म्हणून स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम ही नावे सुरुवातीलाच दिसली तर साबण कामाचा समजावा. खोबरेल तेल जास्त असेल तर फुगे मोठे आणि भराभर येतात, पण तितक्याच लवकर बसतात आणि कातडी कोरडी पडते. घाईत अंगाच्या साबणाने दाढी करणाऱ्यांचा गाल का ओढतो, ते यावरून कळेल. ग्लिसरीन असेल तर उत्तमच.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट. 'टॅलोएट' हा शब्द दिसला तर त्या साबणात जनावराची चरबी आहे, असे समजावे. परदेशी साबणांत ती वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि तिचा फेस छान येतो, असे शौकीन सांगतात. 'पामेट' म्हणजे पाम तेल. स्टिअरिक ॲसिड मात्र दोन्हींपासून निघते, त्यामुळे खात्री हवी असेल तर खोक्यावर हिरवा ठिपका किंवा तसा खुलासा पाहावा.

वडी, काडी की क्रीम? मला विचाराल तर बऱ्याच वर्षांनी सुरुवात करणाऱ्याने क्रीम घेतले तरी बिघडत नाही. त्याचा फेस करणे सोपे असते. काडी ओल्या गालावर फिरवून वर ब्रश चालवायचा. प्रवासात ती बरी. वडीला हात बसावा लागतो, पण ती महिनोन्महिने पुरते. फक्त हौसेच्या भरात एकदम चार आणू नयेत. एक आणावी आणि तिची सवय होऊ द्यावी. कातडी नाजूक असेल तर उग्र वासाचे आणि मेंथॉलचे साबण टाळावेत. थोडा फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहणे चांगले.

आम्ही मंद वासाची वडी घेतली आणि खव्याची जिलबी खाऊन घरी आलो. पुढचे चार दिवस मात्र मामा चिडलेलेच. फेस गालावर वाळून जाई आणि वाटीत पांढरा चोथा उरे. "साबण खोटा निघाला," असे त्यांनी जाहीर करून टाकले. दोष साबणाचा नव्हता, पाण्याचा होता. त्यांच्या इमारतीत बोअरचे पाणी येते आणि स्वयंपाकवाल्या बाईंची तक्रार होतीच की, तूरडाळ या पाण्यात शिजत नाही. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात फेसही होत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम साबणाला धरून त्याचा चोथा करते. पाचव्या दिवशी पिण्याच्या फिल्टरचे वाटीभर पाणी कोमट करून दिले आणि फेस उभा राहिला. साबण बदलण्याआधी पाणी बदलून पाहा, एवढे मी आता सगळ्यांना सांगते.

पाणी थोडे-थोडेच घालावे. आधी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवली की केस मऊ होतात आणि ब्लेडला जोर लावावा लागत नाही. दाढी झाल्यावर वडी पाण्यात ठेवू नये, उभी करून सुकू द्यावी. पावसाळ्यात तर नक्कीच. वयस्कर माणसांचे हात थरथरत असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मात्र ब्लेड हातात देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. विजेवरचे यंत्र त्यांना जास्त सुरक्षित. मामांच्या बाबतीत आम्ही हे आधीच विचारून घेतले होते.

परवा मामांचा फोन आला. वडी अर्धी झाली आहे, रोज सकाळी खिडकीशी बसणे चालू आहे आणि शेजारचे एक गृहस्थ साबणाचे नाव विचारून गेले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा तुरटीचा खडा बघू," ते म्हणाले, "फुहाऱ्यावर मी एकटाही जाऊ शकतो म्हणा, पण जिलबीला सोबत लागते."