धुक्याच्या रानातील कवकसृष्टी

मृगाचे पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की बांधावर, शेणखताच्या ढिगावर आणि कुजक्या ओंडक्यांवर छत्र्या उगवू लागतात. ग्रामीण भागात त्यांना अळंबी, भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री या नावांनी ओळखले जाते. बेळगाव शहराच्या दक्षिण अंगास असलेल्या वडगावच्या भातशिवारात अशा छत्र्यांचे मोजकेच प्रकार दृष्टीस पडतात. तेथून पश्चिमेकडे जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेले म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील रान लागते. पावसाळ्यात हे रान धुक्यात बुडालेले असते, आणि तेथील कवकांचे वैविध्य पाहून जाणकारही थक्क होतात. हे वैविध्य कशामुळे निर्माण झाले, त्याचा वनाशी व शेतीशी कोणता संबंध आहे, आणि त्याचे जतन कसे करावे, याची माहिती येथे दिली आहे.

कवक म्हणजे काय?

जुन्या पुस्तकांत कवकांची गणना वनस्पतींमध्ये केलेली आढळते. परंतु कवकांच्या अंगी हरितद्रव्य नसते. त्यामुळे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करणे त्यांना शक्य होत नाही. त्यांच्या पेशींच्या भित्तींत कायटीन हे द्रव्य असते. खेकड्याच्या व कीटकांच्या कवचातही हेच द्रव्य आढळते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तीत कवकांना स्वतंत्र स्थान दिले.

आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी कवकाला छत्री. छत्री हे केवळ फळ होय. कवकाचे खरे शरीर म्हणजे मातीत, पाचोळ्यात किंवा लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे. वडगावच्या मागावर चढणाऱ्या सुतापेक्षा हे तंतू कित्येक पटींनी बारीक असतात. अनुकूल हवा मिळताच या कवकजालातून छत्री वर येते, आपले सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर सोडते आणि थोड्याच दिवसांत विरून जाते. छत्री नाहीशी झाली तरी जाळे जमिनीत जिवंत राहते. ही एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढील सर्व विवेचन समजण्यास सोपे जाते.

जगात आजवर सुमारे दीड लाख कवकजातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षात त्यांची संख्या बावीस ते अडतीस लाख असावी, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे फार मोठा भाग अद्याप अज्ञात आहे, आणि तो मुख्यतः उष्ण कटिबंधातील ओलसर वनांत दडलेला आहे.

धुके आणि कवक

डोंगरमाथ्यावरील ज्या वनांत ढग सातत्याने टेकलेले असतात, त्यांना मेघवने म्हणतात. दक्षिण व मध्य अमेरिकेचे डोंगर, पूर्व आफ्रिका आणि बोर्निओ बेट येथे अशी वने आहेत. भारतात निलगिरी व अनैमलई डोंगरांवरील शोला वने या प्रकारात मोडतात. कणकुंबी, चोर्ला व आंबोली या भागातील रान वर्षभर ढगात नसते. मात्र जून ते सप्टेंबर या काळात त्याची अवस्था मेघवनासारखीच असते. बेळगाव शहरात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत तो ७००० मिलिमीटरच्या आसपास जातो.

छत्रीच्या वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग पाण्याचा असतो, आणि ते पाणी धरून ठेवण्यास तिला जाड साल नसते. कोरड्या हवेत ती काही तासांत सुकते. धुक्यात हवा दिवसेंदिवस ओलीचिंब राहते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, पाने सतत ठिबकत असतात. त्यामुळे नाजूक कवकांनाही फळ धरण्यास पुरेसा अवधी मिळतो. त्यातच या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, फणस असे अनेक जातींचे वृक्ष एकत्र वाढतात. कोणाचा पाचोळा, कोणाची साल, कोणाचे गळलेले फळ, यांवर वेगवेगळी कवके उपजीविका करतात. वृक्षांची विविधता जितकी अधिक, तितकी कवकांचीही अधिक.

रानातील कामाची वाटणी

लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य विघटित करण्याचे सामर्थ्य फार थोड्या जीवांत आहे. त्यांत कवके अग्रेसर आहेत. पडलेल्या खोडावर फळीसारखी वाढणारी कठीण कवके आणि पाचोळ्यातील नाजूक छत्र्या मिळून हे काम करतात. ती नसती तर रानात मृत लाकडाचे ढीग साचले असते आणि त्यातील सत्त्व मातीला परत मिळाले नसते. फणसाच्या झाडावर उगवणारा फणसोंबा हा याच फळीसारख्या कवकांपैकी असून पश्चिम महाराष्ट्रात वैद्य त्याचा औषधात उपयोग करीत आले आहेत. कुजक्या लाकडावरील मायसीना कुळातील काही कवके रात्री मंद हिरवट प्रकाश देतात. हा प्रकाश कवकातील एका रासायनिक द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उत्पन्न होतो. त्यात भुताटकीचा काही भाग नाही.

दुसरा गट वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करतो. यास संकवक असे म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या जमिनीत स्फुरद असले तरी ते लोहाशी बद्ध झालेले असते. कवकतंतू दूरवर पसरून ते शोधून आणतात आणि मोबदल्यात वृक्षाकडून शर्करा घेतात. उघड्या पडलेल्या माळावर केवळ रोपे लावून पूर्वीचे रान लवकर उभे राहत नाही, याचे एक कारण मातीतील हे जाळे तुटलेले असते, हे होय.

तिसरे उदाहरण वारुळातील आहे. वाळवीच्या काही जाती वारुळात चावलेल्या लाकूड-पाचोळ्याचे सच्छिद्र पोळे रचून त्यावर टर्मिटोमायसिस नावाच्या कवकाची शेती करतात. वाळवीला न पचणारे लाकूड कवक पचवते आणि वाळवी ते अन्न खाते. आफ्रिका व आशिया या दोनच खंडांत आढळणारे हे सहजीवन सुमारे तीन कोटी वर्षांपासून चालत आले आहे. पावसाळ्यात या पोळ्यातून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि वारुळावर पांढऱ्या छत्र्या फुलतात. गोव्यात हीच ओळमी मोठ्या आवडीने खाल्ली जाते. आफ्रिकेतील झांबियात याच कुळातील एका जातीची छत्री एक मीटरपर्यंत रुंद होते. या अळंबीची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. वाळवी व वारूळ यांवाचून ती मिळत नाही.

ओढ्यांच्या पाण्यातही कवके असतात. पावसाळी ओढ्यात खडकापाशी साचणारा फेस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास चार टोकांच्या ताऱ्यांसारखे बीजाणू दिसतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९४२ साली या कवकांकडे लक्ष वेधले. पाण्यात पडलेली पाने ती मऊ करतात. मग जलकीटक ती खातात आणि कीटकांवर मासे जगतात. कणकुंबीस उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या जीवनाची सुरुवात अशा पाचोळ्यापासून होते.

कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनलेले दगडफूल तर प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे आहे. काळ्या व गोड्या मसाल्यात पडणारा हा जिन्नस खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढतो. तो अतिशय सावकाश वाढतो आणि दूषित हवेत तग धरीत नाही.

शेतीशी संबंध

भातावरील करपा हा रोग कवकामुळेच होतो. ढगाळ हवा व दमट रात्री त्यास पोषक ठरतात, हे वडगाव, शहापूर व येळ्ळूर शिवारातील भात उत्पादकांना अनुभवाने ठाऊक आहे. मात्र शत्रूप्रमाणे मित्रही याच सृष्टीत आहेत. मातीत राहणारे ट्रायकोडर्मा हे कवक मर व मूळकुज या रोगांच्या कवकांना दाबून ठेवते. म्हणून बीजप्रक्रियेत त्याचा उपयोग केला जातो. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध एका बुरशीमुळेच लागला. अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरीन हे औषध नॉर्वेतील मातीच्या नमुन्यातील कवकापासून मिळाले. अशा उपयुक्त जाती रानाच्या मातीत आणखी किती असतील, हे रान टिकले तरच कळेल.

ओळख नसेल तर खाऊ नये

विषारी व खाण्याजोगी अळंबी दिसण्यात पुष्कळदा सारखीच असते. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण वा हळदीचा रंग बदलतो, किडीने खाल्लेली अळंबी निर्धोक असते, या समजुतींना कोणताही आधार नाही. अमॅनिटा कुळातील काही जातींचे विष शिजविल्याने नष्ट होत नाही. त्याची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. उलट्या-जुलाब थांबून रोगी बरा झाल्यासारखा वाटतो. परंतु त्याच वेळी यकृत निकामी होत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे आणि उरलेल्या अळंबीचा तुकडा सोबत न्यावा.

जतन कसे करावे?

वारुळातील अळंबी काढताना पहारीने वारूळ फोडण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. त्यामुळे पोळेच उद्ध्वस्त होते आणि पुढील वर्षी तेथे अळंबी उगवत नाही. एक वेळच्या कालवणासाठी वर्षानुवर्षांचे उत्पन्न गमावण्याचा हा व्यवहार आहे. छत्री जमिनीलगत अलगद काढावी आणि काही छत्र्या पूर्ण उमलून बीजाणू सोडीपर्यंत राखाव्यात. गोवा व दक्षिण कोकणात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात केली जाते. वारुळाला हात न लावण्याचा तो संकेत आजही मोलाचा आहे. देवराईतील पडलेले लाकूडही तसेच राहू द्यावे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. अभयारण्यातून परवानगीविना वनोपज काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे, याची नोंद सर्वांनी घ्यावी. वनीकरणाच्या कामात पाचोळा जाळणे टाळल्यास मातीतील कवकजाल वाचेल, याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे.

शिक्षकांना शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. छत्रीचा देठ कापून तिची पडद्यांची बाजू खाली येईल अशा रीतीने ती अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी आणि वर वाटी पालथी घालावी. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा किंवा हिरवा असा ठशाचा रंग हे ओळखीचे एक महत्त्वाचे लक्षण आहे. छत्री हाताळल्यावर मुलांनी हात स्वच्छ धुवावेत आणि ती तोंडात घालू नये. ठशासोबत दिनांक, गाव, कोणत्या झाडाखाली वा कोणत्या लाकडावर छत्री मिळाली, आणि गावातील वडीलधारी मंडळी तिला काय म्हणतात, हे लिहून ठेवावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहात जतन केलेले नमुनेही अशाच नोंदींमुळे अभ्यासास उपयोगी पडतात. पाच-दहा वर्षे सातत्याने ठेवलेली अशी वही म्हणजे त्या गावच्या रानाचा विश्वसनीय दाखला ठरेल. पूर्वी मिळणारी कोणती छत्री आता उगवत नाही, हे त्या वहीवरून समजेल आणि रानाच्या मातीत काय बिघडले, याचा शोध वेळीच घेता येईल.