सोडलेल्या लेकी

लेकी देवाला सोडण्याची एकच चाल मोडण्यासाठी शंभर वर्षांत चार कायदे करावे लागले, तर आधीच्या कायद्यांचं नेमकं काय चुकलं, हे विचारायला हवं. गडहिंग्लजकरांनी तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० च्या जानेवारीत जोगत्या-मुरळीची चाल बंद करणारा कायदा केला, तेव्हा गडहिंग्लज संस्थानात होतं. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तिथला १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा इकडे लागू होण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला. चौथा कायदा कर्नाटकाचा, १९८२ चा. तो आपला नव्हे. पण यल्लम्माचा डोंगर सौंदत्तीला, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीत. संकेश्वरकडे जाताना राज्याची हद्द ओलांडली की भाषा बदलते आणि कायदाही बदलतो. पुनवेला डोंगरावर जाणाऱ्या माणसांना मात्र ही हद्द कधी आडवी आली नाही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘अंधश्रद्धा’. ते खोटं नाही, पण फार काही सांगतही नाही. श्रद्धा आंधळी असली तरी ती इतकी वर्षं टिकते, तेव्हा तिच्या आडोशाने कुठला तरी व्यवहार चाललेला असतो. तो पाहायची रीत मानववंशशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिली. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून १९२६ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. जिथे कोर्ट नाही, पोलीस नाही, तिथे कायदा कुठे असतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं, की तो देण्याघेण्यात असतो, कोणी कोणाचं काय लागतं यात असतो. त्यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका तरुणाचे मावसबहिणीशी संबंध होते. तिथल्या रीतीनुसार हा घोर अपराध. गावाला सगळं ठाऊक होतं, कुजबुज होती, पण कोणी काही करत नव्हतं. मग तिच्यावर मन असलेल्या दुसऱ्या तरुणाने चारचौघांत त्याचा जाहीर उद्धार केला, आणि दुसऱ्या दिवशी तो तरुण माडावर चढला आणि त्याने खाली उडी घेतली. नियम आधीही होता आणि मोडलाही जात होता. तो जागा झाला तो कोणीतरी मोठ्याने बोलल्यावर. आपल्याकडच्या बंदीचं दुखणं इथेच आहे. मुलीला देवाला सोडलं हे गावाला कळत नाही असं कधीच नसतं. पण मोठ्याने बोलायचं कोणी? कायद्याने आरोपी ठरतात ते आईबाप, आणि साक्षीदार असते ती त्यांचीच दहा-बारा वर्षांची लेक.

विधी जवळून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होतं. मुलीच्या केसांत जट आली, की ती यल्लम्मा आईची खूण मानतात. कंगवा लावायचा नाही, कातरी लावायची नाही. घरात आजार हटेना किंवा मुलगा होईना, तरी नवस बोलला जातो. मग तिला न्हाऊमाखू घालून नवं लुगडं, हातात हिरवा चुडा, कपाळाला भंडारा. लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, म्हणजे कानडीतलं मुत्तू, तिच्या गळ्यात बांधलं जातं. बांधणारी असते जुनी जोगतीण. हळद आहे, बांगड्या आहेत, गळ्यात मणी आहेत, जेवणावळही आहे. नवरा तेवढा नाही. त्यानंतर मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला बांगड्या फोडायच्या आणि पुढे अहेव पुनवेला नव्या भरायच्या. गावातल्या विधवेला एकदा उतरवलेला चुडा परत मिळत नाही. जोगतिणीचं वैधव्य दरवर्षी येतं आणि दरवर्षी जातं. ज्या रेणुकेच्या, म्हणजे यल्लम्माच्या, नावाने हे चालतं, तिचं डोकं मुलानेच उडवलं, कारण तिचं मन क्षणभर चळलं. लग्नाच्या बाहेर ठेवलेल्या बायकांना नेमकी हीच देवी मिळावी, याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

आता व्यवहार पाहू. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घरची होते आणि तिची मुलं त्या घराण्याची. दर्शन बांधलेली मुलगी मात्र बापाच्या घरीच राहते. तिला पुढे एखादा ‘मालक’ मिळतो. बहुधा जमीनजुमला असलेला, वरच्या जातीतला, घरी लग्नाची बायको असलेला. तो धान्य देईल, लुगडं देईल, मन फिरलं की देणं बंदही करील. त्याच्यापासून झालेली मुलं त्याची वारस होत नाहीत. ती तिच्या बापाच्या घराण्यात मोजली जातात. म्हातारपणी आईबापांना पोसायची जबाबदारी तिची, आणि बापाचं घर, असेल तर शेताचा तुकडा, हेही तिचं. थोडक्यात, ज्या घरात मुलगा नाही तिथे ती मुलगा होते. बेळगाव भागात राहून ल्युसिंडा रॅम्बर्ग या अमेरिकी संशोधक बाईंनी २०१४ साली या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यातला गाभ्याचा मुद्दा हाच आहे: दर्शन बांधणं हा नाती ठरवणारा विधी आहे, खऱ्याखुऱ्या लग्नाइतकाच. जगात असं इतरत्रही घडतं. नाईल नदीकाठच्या न्युएर लोकांत मूल न होणारी बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी रीतसर लग्न लावते आणि त्या बाईची मुलं तिला बाप मानतात, हे इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदवलं आहे. बाईने पुरुषाची जागा घेणं ही काही केवळ आपल्या डोंगराची करामत नाही. फरक एवढाच, की न्युएर बाई ती जागा स्वतः गुरं मोजून घेते आणि आपल्याकडे ती जागा न कळत्या वयातल्या मुलीच्या गळ्यात बांधली जाते.

सरकारी कायद्याला यातलं काय दिसलं? १८८० साली मथुरा नायकीण विरुद्ध इसू नायकीण या खटल्यात मुंबई हायकोर्टाने नायकिणीने मुलगी दत्तक घेण्याची रूढी अनैतिक म्हणून नामंजूर केली. कोर्टाला शरीरविक्रय दिसला. घर चालवायला वारस लागतो हे दिसलं नाही. १९३४ च्या कायद्याने मुलगी वाहणं बेकायदा ठरवलं आणि वाहिलेल्या बाईने लग्न केलं तर ते वैध मानलं. त्या काळी ही मोठी गोष्ट होती, ती नाकारता येणार नाही. पण या कायद्याच्या डोळ्यांपुढे होती फक्त बाई. साडी नेसून चौंडकं वाजवणारा जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, त्यात कुठेच नाही. राजन गवस गडहिंग्लज तालुक्यातलेच. त्यांनी ‘चौंडकं’मध्ये जोगतिणीची आणि ‘भंडारभोग’मध्ये जोगत्याची गोष्ट लिहिली. कादंबरीकाराला दोघं दिसली, कायदा करणाऱ्याला एकच. शाहू महाराजांच्या कायद्याच्या नावात तरी जोगता होता.

माझं म्हणणं असं, की बंदी घालणाऱ्यांनी मण्यांवर बंदी घातली. मणी बांधून जे साधत होतं त्याला हात लावला नाही. म्हणून विधी डोंगरावरून हलला आणि घराच्या चार भिंतींआड, गावातल्या जोगतिणीच्या देव्हाऱ्यापुढे आला. मोठ्या जत्रेत पोलीस उभे राहिले तरी त्यांना सापडणार काय?

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. असं समजावून सांगणं म्हणजे शोषणाला संस्कृतीचं लुगडं नेसवणंच नव्हे का? वाहिलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या, भोगणारे वरच्या जातीतले, आणि कित्येक जणींची वाट पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्त्यांत जाऊन संपली. हे सगळं खरं आहे. पण एखादी गोष्ट कशी चालते हे सांगणं म्हणजे ती चालू द्यावी असं म्हणणं नव्हे. घरी मुलगा नाही आणि म्हातारपणाला आधार नाही, अशा बापाला देवीने नाडलं असं म्हटलं, की मालक सुटतो. व्यवहार उलगडून ठेवला, की त्यात फायदा कोणाचा, हे नावानिशी दिसतं. कसलीही जबाबदारी न घेता बाई मिळवणारा पुरुष अंधश्रद्धाळू नसतो, तो हिशेबी असतो.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ज्या घरांत मुळात जमीनच नव्हती, तिथे कसला वारसा आणि कसला मुलगा? या आक्षेपापुढे रॅम्बर्गबाईंचा मुद्दा थोडा लंगडतो, हे मान्य केलं पाहिजे. भूमिहीन घरात लेकीला मिळाला तो मुलाचा भार, मुलाचा वाटा नव्हे. तरीही भार उचलणारं माणूस घरातच राहावं ही गरज जमीनवाल्यापेक्षा भूमिहीनाला अधिक असते. त्यामुळे मुद्दा मोडत नाही. अधिक कडू होतो.

ही गरज सगळ्यांत आधी ओळखली ती देवदासींच्या चळवळीने. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. बाबा आढावांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानचं तिला पाठबळ होतं, आणि गावातले प्रा. विठ्ठल बन्ने या कामात पुढे होते. पुढे देवदासींच्या मुलांसाठी इथे वसतिगृहही सुरू झालं. नुसता निषेध करून भागणार नाही, घर चालवायचं दुसरं साधन हवं, मुलांना शाळेत बापाच्या नावावाचून जागा हवी, ही समज त्यामागे होती. सरकार उशिरा का होईना त्या वाटेने आलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आज देवदासी हा एक लाभार्थी गट आहे. त्यात एक विचित्र गंमतही आहे. अनुदानासाठी आपण देवदासी असल्याचं दाखवावं लागतं. एका कायद्याने पुसलेली ओळख दुसरं टेबल कागदावर मागतं, कारण त्या ओळखीवाचून द्यायचं कोणाला, हे त्यालाही कळत नाही.

मला या चालीच्या मुळाशी गेलेला कायदा दिसतो तो वेगळाच, आणि त्यात देवदासी हा शब्दही नाही. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा दिला. मुलीला वारस व्हायला आता मुलगा व्हावं लागत नाही. तिने लग्न करावं, न करावं, वाटा तिचाच. दर्शन बांधून जे आडवळणाने मिळत होतं, ते सरळ दाराने मिळायची सोय झाली. ज्या वर्षी महाराष्ट्राने देवदासी प्रथेवर नवा कायदा केला, त्याच वर्षी दिल्लीत ही दुरुस्ती झाली. गाजावाजा पहिल्याचा झाला. काम करण्याची ताकद दुसऱ्यात आहे.

पण मॅलिनोव्स्कींचा धडा इथेही सुटत नाही. पुस्तकातला कायदा एक सांगतो आणि भाऊबंदकीतला दुसरा. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर नावं लावायची वेळ येते, तेव्हा भाऊ बहिणीला गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणतो. तिथे ती हक्कसोडपत्रावर सही करते. न केली तर माहेर तुटतं, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. ज्या लेकीला देवाला सोडलं, तिला बापाच्या घरात हक्क होता; जिला थाटामाटात लग्न करून दिलं, ती हक्क सोडते. पहिलीला आपण प्रथेचा बळी म्हणतो. दुसरीच्या कागदावर दोन साक्षीदार सह्या करतात, नाममात्र मुद्रांक शुल्क लागतं, आणि दस्त त्याच दिवशी नोंदला जातो.